दादाच्या शेंगा

शुक्रवार, संध्याकाळ

दुपारी लिहिलं की पैज मी सरळ हरले. ते चूक. जपानी रेसलिंग स्पर्धेच्या कुस्त्या दादाने चार वाजता ‘लाइव्ह’ म्हणून लावल्या, पण तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसात! कुस्त्या दुपारीच संपलेल्या, निकाल त्याला ठाऊक. म्हणूनच माझा पैलवान झुंजताना हा खाली मान घालून शेंगा सोलत होता.

“हरलीस बाईसाहेब, खलास! सोड आता ती नोकरी, पुण्याला जाऊन मुलगा बघ.”

मी ‘हो’ म्हणाले. दिलेला शब्द मोडायचा नाही, हे बाबांनी अक्षरांआधी शिकवलं. पण फसवून घेतलेला शब्द? वेळेचा हिशोब तेव्हाच का नाही केला मी? आणि त्या शेंगा... लबाड कुठला!

राजीनामा पर्समध्ये आहे. तो द्यायला दादाच मला गाडीने ऑफिसला सोडणार. त्याच्या शेजारी बसूनच फाडीन, सोमवारी सकाळी.