बेकरीच्या धुराड्यातला धूर

प्रिय धाकट्या,

फोन उचलायचाच नाही असं ठरवून बसला आहेस, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. घरी सगळे बरे आहेत. बाबांनी पंखा स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे आता त्या खोलीतला दिवाही लागत नाही. आई रोज तुझी खोली झाडते आणि वर म्हणते, हल्ली धूळ फार येते.

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात, मी लोकांना पुन्हा चालायला शिकवते त्या खोलीत, तुझ्या पलटणीतला लंबू आला. आपल्याकडे जेवायला आला की चौकटीवर डोकं आपटून घ्यायचा, तोच. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मग एके दिवशी सगळा राग माझ्यावरच काढला. त्याचं म्हणणं, तू तोफ डागली असतीस तर बेकरीच्या गच्चीवरचे बंदूकवाले तिथेच संपले असते, मागच्या गल्लीतून निसटून त्यांनी त्याला गाठलं नसतं. मी त्याची पट्टी बांधत राहिले. पाय तर गेलाच होता. इमारत पाडायचा हुकूम होता आणि तू अडून बसलास, हेही त्याच्याकडूनच कळलं. तू म्हणालास, धुराड्यातून धूर येतोय, कुणीतरी पाव भाजतंय, आत माणसं आहेत. साहेबांनी विचारलं, बंदूकवाल्यांना भूक लागत नाही का? तरी तू तोफ डागली नाहीस. चौकशीतही तेच सांगितलंस म्हणे.

परवा खांदा दुखावलेली एक बाई आली. हातांवर भट्टीचे जुने चटके, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. खांद्याला काय झालं विचारलं तर तिनं सगळंच सांगितलं. ती त्याच बेकरीची मालकीण. ते लोक गच्चीवर चढले तेव्हा त्यांनी गल्लीतली बायकापोरं नि म्हातारी माणसं तळघरात घालून बाहेरून कुलूप लावलं. हिला तेवढी वर ठेवली, त्यांच्यासाठी पाव भाजायला. म्हणजे साहेबही बरोबर होते आणि तूही. ते पळाल्यावर हिनं धडका देऊन दार फोडलं. खांदा तेव्हाच गेला.

लंबू तिथेच चालायच्या सरावाच्या आडव्या दांड्या धरून उभा होता. त्यानं विचारलं, खाली कोण कोण होतं? ती सांगू लागली, सासू, शेजारचा म्हातारा शिंपी, त्याची जुळी नातवंडं, दिवस भरलेली नणंद, ती आता सुखरूप बाळंत झाली. लंबूनं हात वर करून तिला थांबवलं आणि खुर्चीत बसला. त्या दिवशी व्यायाम झाला नाही.

काल तो आपणहून बोलला. "ताई, पाय रोज दुखतो. जो नाही तोच दुखतो. पण त्याचा जाब तुझ्या भावाकडे नाही मागायचा मला. माणसांच्या डोक्यावर चढून ज्यांनी गोळ्या झाडल्या, त्यांनी द्यावा. आणि ती माणसं मेली असती, तर जाब आम्हाला द्यावा लागला असता."

इतक्या दिवसांनी मी काल पोटभर जेवले. आईला सांगितलं तर ती रडली, मग बाबांना पंख्यावरून बोलली.

आता पत्राचं कारण. सोमवारी लंबूला नवा पाय बसवणार. पहिल्यांदा दांड्या सोडून चालायचं, तेव्हा दोन्हीकडून धरायला माणूस लागतं. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला मदतनीस देते म्हटलं, तर नको म्हणाला. त्यानं तुझं नाव घेतलं. निघून ये.

वाट बघणारी,
तुझीच ताई