शिंगावरचा गेरू

अण्णा, तुमची कंबर आता कशी आहे? आईचे गुडघे तिकडच्या हवेला तरी वळणावर आले का, की अजून उठताना भिंतीला हात लावते? धाकट्या काकांचा खोकला थांबला असेल, तिकडं बिडी मिळत नसावी. आणि आपला तांबडा बैल? त्याच्या खुराचं विचारतेय, हसू नका. इकडचं सांगायचं तर तुमचे जावई बरे आहेत, पण दमा काही सोडत नाही. जिना चढून आले की खिडकीपाशी उभे राहतात आणि रस्ता बघत असल्याचं सोंग करतात. लेक कामावर जातो, सुनेची रजा संपत आलीय. घरात चार महिन्यांची नात आहे. आठव्या महिन्यातच आली, अजून मांजराच्या पिलाएवढंच वजन लागतं हाताला. मी ठणठणीत आहे. सगळा घोळ त्या ठणठणीतपणातच आहे.

गेल्या आठवड्यात बाळाला दाखवायला नेलं, तर डॉक्टरीणबाई बाळाचं बघून झाल्यावर माझ्याकडंच वळल्या. म्हणाल्या, "आजी, फ्लूची लस घेतली का? बाळाला सहा महिन्यांच्या आत ती देता येत नाही. म्हणून तिला जे मांडीवर घेतात त्यांनी घ्यायची. आजोबांनी घेतली, तुमचं काय?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? ताप कसा असतो ते मला म्हाईत न्हाय." त्या हसल्या. "तुम्हाला नुसत्या चार शिंका येतील, आजी. त्या चार शिंका हिला झेपायच्या नाहीत." मग मला प्रश्नच प्रश्न पडले. तुम्हाला माझी खोड ठाऊक आहे, चौथीतनं शाळा सुटली तरी गुळाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय मी चुलीत घातला नाही. दर वर्षी का घ्यायची? घेतल्यावर अजिबात होत नाही का? धट्ट्याकट्ट्या माणसाच्या अंगात दुखणं बसून राहतं आणि त्याला कळतही नाही, हे कसं? बाईंनी न कंटाळता सांगितलं. रोग दर साली रूप बदलतो. लस घेऊनही होऊ शकतो, पण शक्यता कमी आणि जोरही कमी. मी म्हटलं, "म्हंजी खात्री न्हाय?" त्या म्हणाल्या, "खात्री नाही आजी, राखण आहे." आणि लागू पडायला दोन आठवडे लागतात म्हणाल्या.

राखण म्हटल्यावर मला छावणीच आठवली. दुष्काळाचं साल, बेंबळीच्या अलीकडं ओढ्याच्या काठी गुरांची छावणी पडलेली, पाच गावची जनावरं एका हौदावर पाणी पितायत. तुम्ही दूध संस्थेचे पंच. लाळ-खुरकताची लस टोचायला कंपाउंडर येणार म्हणून तुम्ही दावणी-दावणीला फिरताय, आणि लोक जनावरं लपवतायत. कुणी म्हणतंय दूध आटतं, कुणी म्हणतंय बैल बसतो. एकानं तर तुम्हाला तोंडावर विचारलं, "पंच, माझा बैल पैलवान हाय, त्याला कशापायी सुई?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या पैलवानासाठी न्हाय रं बाबा. त्या मावशीच्या गायीसाठी." शेजारच्या विधवा मावशीला संस्थेतनं नुकतीच जर्सी गाय मिळाली होती. गाभण, दिवस भरत आलेले, म्हणून कंपाउंडर तिला टोचणार नव्हता. तो म्हणाला होता, "हिला आता नको. बाकी सगळी टोचली म्हंजी ही बी वाचंल." तुमचं ते बोलणं ऐकून त्या माणसानं मुकाट दावं सोडलं. मी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन उभी होते. मला लई अभिमान वाटला तुमचा.

टोचलेल्या जनावराच्या शिंगाला कंपाउंडर गेरूचा पट्टा ओढायचा, म्हणजे दोनदा टोचलं जाऊ नये. पहिल्या दिवशी आपला पांढरा बैल टोचला. दुसऱ्या दिवशी तो मान सुजवून उभा, वैरणीला तोंड लावीना. छावणीच्या पाण्याचं पिंप आपल्याच बैलजोडीच्या गाडीवर यायचं. आता उसन्या बैलाबरोबर तांबडा जुंपायचा होता, आणि तोही बसला तर हौद कोरडा. हे मला आज कळतं. तेव्हा मी एवढंच बघितलं की तुम्ही गोठ्यात वाटीत गेरू कालवताय आणि तांबड्याच्या शिंगावर बोटानं पट्टा ओढताय. मला बघून दचकलात. "काय बघतीस? चार दिसानं टोचून घेतो की." मी म्हटलं, "व्हय." कंपाउंडर पुन्हा आला नाही आणि तुम्हीही आठवण काढली नाही.

तीन आठवड्यांनी तांबडा पाय उचलून धरायला लागला. तोंडातनं जरा लाळ आली, दोन दिवस लंगडला, तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडीला. तो देशी बैल, त्याला काय होतंय! पण तोवर मावशीची गाय व्याली होती. तिच्या जिभेची सालं निघाली, ती उभी राहीना, आणि कालवड पाचव्या दिवशी गेली. मावशी त्या कालवडीला मांडीवर घेऊन बसलेली, तिच्या नाकातोंडावरच्या माश्या पदरानं हाकलतेय. जीव गेल्यावरही हाकलतेय. दुखणं आपल्याच बैलाकडनं गेलं की हौदावर आलेल्या दुसऱ्या कुठल्या जनावराकडनं, हे तेव्हा कुणी सांगू शकलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. मी डॉक्टरीणबाईंनाही आडून विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, असं एकाकडं बोट दाखवता येत नसतं.

पण त्या साली पोळ्याला सगळ्या गावाच्या बैलांची शिंगं हिंगुळानं लाल झाली, आपल्या तांबड्याची मात्र कोरी. काका चिडवत होते, "का दादा, रंग सरला का सोसायटीतला?" तुम्ही म्हणालात, "त्याला एकदा रंगवलंय, पुरे झालं." तो मरेपर्यंत त्याची शिंगं पुन्हा रंगली नाहीत. मिरवणुकीत मावशी दारात उभी होती. ती त्या कोऱ्या शिंगांकडं बघत राहिली, मग तुमच्याकडं. पुढं येऊन तिनं तांबड्याला पुरणपोळी चारली. तिला काय कळलं होतं अण्णा? तुम्ही सांगितलं होतं का तिला? एवढी वर्षं मला हेच कुतूहल आहे. सांगितलं असेल तर कुठल्या शब्दांत? उभ्यानं की बसून? तिनं काय म्हटलं?

हे आत्ताच का विचारतेय ते सांगते. मंगळवारी मी लस घ्यायला एकटीच गेले होते. बाकावर बसल्या बसल्या मनात आलं, सोमवारपासून सून कामावर जाणार. मला दोन दिवस कणकण आली तर बाळाला कोण घेणार? पांढरा बैल दिसायला लागला डोळ्यांपुढं. उठले आणि परत आले. जिन्यातच पिशवीतला कापूस काढला आणि दंडाला चिकटवला. सुनेनं विचारलं, "आई, दुखतंय का हो?" मी म्हटलं, "जरा." तिनं मोठ्या विश्वासानं लेकरू माझ्या हातात दिलं. तेव्हापासून मी नाकाला पदर बांधूनच बाळाला घेते, आणि सून हसते, "आता कशाला आई, लस घेतलीय की तुम्ही!"

आज सकाळी जाऊन खरी सुई घेतली. दंड आता खरोखर ठणकतोय, अंग जरा गरम वाटतंय, पण लेकरू सांभाळता येणार नाही असं काही नाही. म्हणजे चार दिवस उगीच घालवले. पण सुनेच्या हिशेबात मी मंगळवारपासून राखणीला आहे, आणि राखण सुरू व्हायला अजून पुरते दोन आठवडे आहेत. तिला हे कळायलाच हवं. तिच्यासमोर दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा चहा हवा का एवढंच विचारलं.

हे पत्र तुम्हाला धाडायला पेटी नाही, ते मलाही ठाऊक आहे. मी ते घडी करून बाळाच्या लसीच्या कार्डात ठेवतेय. पुढच्या लसीची तारीख बघायला ते कार्ड सून उद्या उघडेल. तोंडानं सांगायची छाती मला झाली नाही अण्णा, तुमचीच लेक आहे. मावशीचं तेवढं लवकर कळवा, जमलं तर उद्याच्या आत.