तांबड्या भाताचं बी

आई, आज पुन्हा कुडपणला जाऊन आले. हातात कागदी पिशव्या आणि तोंडात एकच प्रश्न, कुसळाचं तांबडं भात कुणाकडे उरलंय का. एका म्हातारीने ओंजळभर दाणे दाखवले तेव्हा मी ते उजेडात धरून पाहिले, पण ते भात आपलं नव्हतं. आता माझी नोकरीच ही आहे, जुनी भातं गोळा करायची आणि भाताचा रस शोषणाऱ्या तुडतुड्याला पुरून उरणारं त्यातलं कुठलं ते तपासायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं शिकून शेवटी भातच निवडत बसलीस.

कापणीआधी तू एकटीच शेतात शिरायचीस आणि चांगल्या लोंब्या हाताने खुडायचीस. ते बी पेंढ्याच्या मुडीत बांधून माळ्यावर जायचं, मग घरात तांदूळ संपला तरी त्याला कुणी हात लावायचा नाही. वाडीत बाकीच्यांनी ते भात कधीच सोडलं होतं. एवढं काय त्यात, असं मी एकदा विचारलं, तर तू वाकून बुंध्याशी बोट नेलंस. "किडा बसतो हितं, पन टिकत नाय गो. त्याला ह्याचा रस मिळत नाय." मी नुकती कृषी महाविद्यालयात जायला लागले होते, शिंगं फुटली होती. मी हसले.

त्या ज्येष्ठात तू मावशीच्या आजारपणात बिरवाडीला गेलीस. रोपं वाढवायचे राब, पालापाचोळा जाळून भाजलेले वाफे, तयार होते. मी सुधारित बियाणं आणून पेरलं, आणि तू पुन्हा जुन्याकडे वळायला नकोस म्हणून मुडी सोडली. सगळं भात भिजवलं, भाजलं आणि शेजारणीला हाताशी घेऊन त्याचे पोहे कांडले. तू परतल्यावर गूळखोबरं घालून ताट पुढे केलं. चार घास झाल्यावर तू विचारलंस, कुठल्या भाताचे. मी तोऱ्यात सांगितलं. तुझा हात थांबतो. मला तो अजून दिसतो. मग अन्न टाकायचं नाही म्हणून तू सगळं ताट संपवतेस आणि एवढंच म्हणतेस, "बी खायचं नसतं गो." चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

गणपती गेले आणि नव्या भाताच्या बुंध्यांवर तपकिरी तुडतुडे चढले. बघता बघता शेतात गोल गोल चट्टे वाळत गेले. आता मला ठाऊक आहे, काही भातांत असा जनुक असतो की तुडतुड्याने सोंड खुपसली की तो रसाच्या वाटाच बुजवतो. किडा टोचत राहतो आणि उपाशी मरतो. तू म्हणाली होतीस तेच, फक्त मला ते कळायला वीस वर्षं लागली. तुडतुडाही हळूहळू असल्या भाताला सरावतो, म्हणून आणखी एखादं जुनं भात शोधावं लागतं. तुझ्या भातात तो जनुक होता की दुसराच कुठला, हे आता कोण सांगणार? तपासायला एक दाणा नाही.

पुढच्या वर्षी तू अंथरूण धरलंस. महाडच्या दवाखान्यात एका दुपारी तू माझा हात धरून विचारलंस, "मूठभर तरी ठेवलंस ना गो बाजूला?" मी हो म्हटलं. महाविद्यालयात डबीत घालून जपून ठेवलंय, असंही सांगितलं. तुझा चेहरा निवला, तू डोळे मिटलेस. त्यानंतर आपलं बोलणं झालंच नाही.

आई, मी ठेवलं नव्हतं.