आईच्या आठवणींतला काका

चि. गुंड्यास (केस पिकायला लागले तरी आम्हाला तुझ्यासाठी दुसरं नाव सुचत नाही, राग मानू नकोस) बाबांचे आणि आईचे पोटभर आशीर्वाद.

तू दोन महिन्यांपूर्वी मागितलेलं आज पाठवतोय, तेव्हा आधी माफी. मध्ये चष्म्याची काडी मोडली, मग आईला खोकला झाला, आणि माझं अक्षर तर तुला ठाऊक आहे. तुझी पाठ कशी आहे? खोकी उचलताना गुडघ्यात वाक, कमरेत नको. सूनबाईंची डोकेदुखी थांबली का? नव्या घराच्या खिडक्यांना गज आहेत की नाहीत हे सामान बांधायच्या आधी विचार. छोटी पाच वर्षांची आहे, पण चढते माकडासारखी. मला इथे बसून घाम फुटतो.

परक्या देशात लेकरू कसं वाढवायचं म्हणून सूनबाई घाबरल्यात, तेव्हा आईने तुला कसं वाढवलं ते तिला विचारून लिहून पाठवा, असं तुझं म्हणणं. मला काम सोपं वाटलं. तिने सांगायचं, मी लिहायचं. पण पहिल्याच दिवशी देश किती यावरून आमचं वाजलं. मी पुलांवर मोजतो (कंपनी जिथे पूल बांधायला पाठवील तिथे आपण बिऱ्हाड हलवलं, मी चार पुलांचं लोखंड जोडलं, म्हणजे देश चार). ती तुझ्या बुटांवर मोजते. बुटांचे जोड निघाले सात. बूट लहान झाले म्हणून देश बदलत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मग तुम्हीच सांगा, मी भाजी निवडते." मी हात टेकले. देशांची नावंही ती घेत नाही. जिन्याचा देश, पत्र्याचा देश, ओल्या भिंतीचा देश, असं तिचं चालतं.

ओल्या भिंतीच्या देशात तू दुसरीत होतास. तिथली भाषा तुला चार महिन्यांत आली आणि आईला अजिबात आली नाही, म्हणून शाळेतली चिठ्ठी तूच तिला वाचून दाखवायचास. बाईंनी तक्रार लिहिली होती की मुलगा बाकावर उभा राहून गातो. तू वाचलंस की मुलगा फार गुणी आहे. आईने खूश होऊन बाईंना लोकरीची टोपी विणून पाठवली. पुढच्या तक्रारीला हातमोजे, त्याच्या पुढच्या तक्रारीला मफलर. चिठ्ठ्या बंद झाल्या तेव्हा आईला वाटलं, आता पोराचं अभ्यासातलं लक्ष उडालं. (हे तू तिला कधी सांगितलंस? मला परवा कळलं. वीस मिनिटं हसत होती, त्यातच खोकला वाढला.)

आता मुद्द्याचं. पत्र्याच्या देशात तू चार वर्षांचा असताना बाजारात हरवलास. आईने तुझ्याकडून घराचा पत्ता पाठ करून घेतला होता, पण तो आधीच्या देशातला, जिन्याच्या घराचा. तू तो त्याच आधीच्या भाषेत, चौथ्या मजल्यासकट, भेटेल त्याला सांगत सुटलास. त्या गावात सगळी घरं बैठी. लोक आकाशाकडे बघायला लागले. तास दीड तासाने सापडलास. मी लिहिलं, "तेवढ्यात वडील धावत आले आणि त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं." रोजच्यासारखं आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, "खांद्यावर फळवाल्याने घेतलं होतं. तुम्ही नदीच्या मधोमध खांबावर होतात. तुम्हाला मी जेवायला वाढताना सांगितलं." खोडलं. नंतर तुझ्या तापात उशाशी बसलेली शेजारीण वगळून तिच्या जागी मी मलाच लिहिलं होतं, तेही तिने पकडलं. तुला सायकल शिकवली तिथेही मी मलाच घातलं होतं, तेही खोडावं लागलं.

मी म्हटलं, अगं, मीसुद्धा त्याच घरात राहत होतो ना. तर म्हणते, "राहत होतात हो. पण दिवस तुमचा पुलावर, आणि रविवारी तुम्ही झोपायचात. झोपलेल्या माणसाची आठवण काय सांगू?" रागाने नाही म्हणाली, चहा पुढे करत म्हणाली. त्यामुळे भांडताही येईना.

पानं पुरी झाली, एकूण बावीस. मी दोनदा वाचली. त्यात माझी जागा एकच. जिन्याच्या घरी मी सहा महिन्यांनी पहिल्यांदा दिवसाउजेडी आलो, तेव्हा तू दार उघडून आत ओरडलास की कोणी काका आलेत. पुढे महिनाभर तू मला काकाच म्हणायचास आणि मी ओ द्यायचो, हे आईने फार रंगवून सांगितलंय.

सूनबाईंना सांग, घाबरू नका, तुमच्या सासूबाईंनी निभावलं तसं तुम्हीही निभावाल. आणि तू कामावरून जरा लवकर घरी येत जा. का ते विचारू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. पान अकरा आईला वाचून दाखवलं ते निराळं. पाकिटात घातलंय त्यात खांद्यावर मी आहे.

ता. क. दुसरा. ते पान फाडून टाक. फळवाला भला माणूस होता, त्याचं त्याला राहू दे. पण तुला स्वतःला माझं काही आठवत असेल तर लिही. मोठं नको. बूट बांधून दिले, पेन्सिलीला टोक करून दिलं, इतकंही चालेल. तुझ्या अक्षरात आलं की आईला ऐकवीन, तुझं ती खोडायची नाही. मात्र टपालानेच पाठव, फोनवर सांगू नकोस, फोन तीच उचलते. आणि काही आठवत नसेल तरी तसं कळव, पण लवकर कळव.