लॅटेक्सचा काळा ड्रेस

६ जानेवारी
आला एकदाचा! काळा, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खा लॅटेक्सचा, म्हणजे पातळ रबराचाच. हाताला थंडगार, जड. नखं आधीच कापली होती — नख लागलं की फाटलाच. आतून पावडर मारली. मांड्यांपाशी अडला. ओढाताण करायची नाही, तळव्यानं सरकवत न्यायचा. घामाघूम झाले, पण बसला. अंगावर ओतल्यासारखा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना सांगते, "आरशात नीट बघा ना." आज स्वतः पाहिलं. पंचेचाळिशीचं पोट दिसतं. दिसू दे.

७ जानेवारी
बाथरूममध्ये लटकवलेला वन्संनी पाहिला. नवऱ्याची थोरली बहीण — संसार मोडल्यापासून आमच्याकडेच असतात. "हे काय, टायरची ट्यूब?" म्हटलं, ड्रेस आहे, धाकट्या दिरांच्या पार्टीला घालणार. "या वयात? लोक तोंडात शेण घालतील."
घालू देत. हात त्यांचेच भरतील.

११ जानेवारी
नवरा म्हणतो, "तो घालणार असशील तर मी तुझ्याबरोबर येणार नाही."
टॅक्सी एकटीलाही नेते.

१५ जानेवारी
पुन्हा घालून पाहिला, मग धुतला. कोमट पाणी, साबण नावापुरता. पिळायचा नाही. ऊन नको, तेल नको, पितळेची कडी लागली तर डाग कायमचा. आतबाहेर टिपला, पावडर लावून प्लॅस्टिकच्या हँगरवर टांगला. माझी स्वतःची एवढी उस्तवार कुणी कधी केली नाही.

१८ जानेवारी
गेले. एकटीच. निघताना सिलिकॉनचं पॉलिश फडक्यानं लावलं — नुसता लखलखाट. हॉलमध्ये शिरले आणि बोलणी थांबली. जावेनं खालपासून वर पाहिलं, मग खिडकीकडे. नवरा आधीच पोचलेला, भिंतीला टेकून. दीर म्हणाले, "वहिनी, यात बसता येतं का?"
"येतं. पण मी बसायला आलेच नाही."
पोटभर जेवले. नाचलेही. परतताना नवरा माझ्याच टॅक्सीत बसला.

१९ जानेवारी
सकाळी उठले तर अंगावर गांधी उठलेल्या. ड्रेस होता तेवढ्याच भागावर, आखल्यासारख्या. ओठही सुजलेले. डॉक्टर म्हणाल्या, लॅटेक्सची ॲलर्जी. पुन्हा घातलात तर श्वासावर बेतेल.
वन्सं म्हणाल्या, "बघ, देवालाच मान्य नव्हतं."
"माझ्या कातडीला मान्य नाही, वन्सं. देवाला मध्ये आणू नका."
मग खोलीत जाऊन रडले. सगळ्यांना पुरून उरले आणि अंगच फितूर झालं.

२० जानेवारी
नवरा विचारतो, टाकून देऊ का?
नाही. माझा आहे. राहील.

२४ जानेवारी
दुकानातून आले तर वन्सं माझ्या खोलीत. ड्रेस अंगात, चेन पाठीवर अर्ध्यात अडकलेली. "हात लावू नकोस, तुला बाधेल. नुसतं सांग, वर कशी न्यायची. संध्याकाळी मला जायचंय. कुठे ते विचारू नकोस. तुझ्या नवऱ्याला तर कळताच कामा नये."
दोन्ही हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि चेन वर ओढली. विचारलं नाही.