पोटाखालचे चार पाय

४ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी शाळेच्या भिंतीला शिडी लावली, रंगाचे डबे उघडले, हात जोडले आणि डबे पुन्हा बंद करून घरी आलो. बायको म्हणाली, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यात, तेव्हा कधी हात अडला नाही, मग आजच काय झालं? तिला रंग आटलाय म्हणालो. तुला सांगतो.

बाबांनी तिसरीच्या वर्गात रंगवलेलं फुलपाखरू तुला आठवत असेलच. कोपऱ्यात पानाखाली चिकटलेली अंडी, मग स्वतःच्याच अंड्याचं टरफल खाणारी अळी, मग काडीला टांगलेला कोष, आणि मधोमध पंख पसरलेलं फुलपाखरू. डोकं, छाती, पोट, गुंडाळलेली सोंड, सगळं कसं रेखीव. नव्या मुख्याध्यापिका म्हणतात, चित्र सुंदर आहे, पण छातीला सहा पाय असताना पोटाला आणखी चार कशाला? तेवढे पुसून द्या.

ताई, ते चार पाय माझे आहेत. मी तेव्हा चौथीत होतो. बाबा हात धुवायला गेले आणि मी ब्रश उचलला. बरणीतली अळी काचेवर चढताना मी तिचे पाय मोजले होते. पुढे छातीला सहा, शिवाय मागे पोटाखाली गुबगुबीत पायांच्या जोड्या. पंख फुटले म्हणून ते पाय जातील कुठे? मला वाटलं, बाबाच विसरले. जागा होती तेवढे काढले.

पुढे तपासणीला साहेब आले. साऱ्या शाळेसमोर त्यांनी विचारलं, काय मास्तर, तुमच्याकडची फुलपाखरं दहा पायांची असतात वाटतं? सगळे खो खो हसले. बाबा एवढंच म्हणाले, चूक माझी. मी मान खाली घालून उभा राहिलो. नंतरही सांगायला जीभ रेटली नाही, आणि बाबा गेले. रोज देवापुढे बसतो, पण हे त्यालाही सांगितलेलं नाही. आता पाय पुसले, तर ती चूक बाबांचीच होती असं कायमचं ठरेल. ठेवले, तर मुलं चुकीचं शिकतील. तू मोठी आहेस, काय करू ते सांग.

गुडघ्याला तेल चोळत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसत बसले. अरे शहाण्या, तुझ्या बाहीला काळा रंग लागला होता. तो आईने रॉकेलने काढला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते आम्हाला ठाऊक आहे हे तुला ठाऊक नव्हतं!

मी बाबांना विचारलं होतं, पुसत का नाही? ते म्हणाले, एवढी मुलं शिकवली, पण अळीचे पाय मोजणारा हा एकटाच.

लग्नाआधी दोन वर्षं मी त्याच शाळेत शिकवलं, तेव्हा पाहिलं. दरवर्षी तिसरीच्या मुलांना ते एक मेलेलं फुलपाखरू आणि भिंग द्यायचे. म्हणायचे, भिंतीवर विश्वास ठेवू नका, फुलपाखराला विचारा. मुलं चढाओढीने चूक शोधायची. मग ते समजावायचे, की अळीचे मागचे पाय कोषातच जिरतात, पुढे उरतात ते छातीचे सहा. तू तिसरीतून आधीच पुढे गेला होतास, म्हणून तो धडा तुझा हुकला.

याला सांगून टाकू का, असं मी एकदा म्हटलं. नको म्हणाले. कोष बाहेरून टोकरायचा नसतो, तो आपणहून येईल. अरे, ते वाट बघायचे. त्यांच्यामागे तरी मी बोलायला हवं होतं, ती चूक माझी.

काय करायचं ते तुझं तू ठरव. आता तू काही चौथीत नाहीस. बायकोलाही खरं सांग. सदैव तुझं भलं चिंतणारी,

ताई


२० मार्च

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवापुढे ठेवलं आणि प्रथमच त्याच्याशी मोकळेपणी बोललो. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, एवढंच? मला वाटलं कर्ज काढलंत.

मुख्याध्यापिकांना म्हटलं, रंग देतो, पण आधी तिसरीची मुलं आणि एक भिंग द्या. खिडकीत मेलेलं फुलपाखरू मिळालं. दोन वेण्यांच्या एका मुलीने बराच वेळ पाहिलं आणि भिंतीकडे बोट करून सांगितलं, की हे पोटाचे पाय खोटे आहेत. कुणी काढले, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, मी. मागून एकाने विचारलं, मग मार बसला का? म्हटलं, नाही ना, म्हणून तर सांगायला इतकी वर्षं लागली. मुख्याध्यापिका हसल्या आणि पाय राहू द्या म्हणाल्या.

तुझी माया आहेच, ती वेगळी मागत नाही. फक्त हे ऐक. पंखांचे विटलेले रंग उजळले, पायांना हात लावला नाही. खाली कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात 'चित्र: मास्तर' असं अजून दिसतं. त्याखाली, माझ्या सर्वांत बारीक ब्रशने, आज सकाळी लिहिलं: 'पोटाखालचे चार पाय त्यांच्या मुलाने काढले.'

तुझा धाकटा