या रविवारी फडक्याचा मान माझा

प्रिय आप्पा,

तुमच्या दुकानातल्या स्टुलावर बसून लिहितेय. दुपारची वेळ आहे, तुमच्या हाताखाली शिकलेला आणि आता दुकान बघणारा दिलीप जेवायला घरी गेलाय, आणि माझ्या हातात तुमचं फळा पुसायचं फडकं आहे. ओलं करून, पिळून घेतलंय. बाहेर तुमच्या फळ्यावर माझ्याविषयी लिहिलंय आणि ते पुसून टाकायला हात नुसते शिवशिवताहेत. पण आज बुधवार, आप्पा! रविवारला अजून चार दिवस आहेत. तुम्ही असतात तर फडकं काढून घेतलं असतंत आणि म्हणाला असतात, "सुनी, दम धर." आता ते म्हणणारं कुणी नाही, म्हणून दिलीपच्या वहीचे कागद फाडून तुम्हाला लिहायला बसले.

काय लिहिलंय, ते आधी सांगते. "आप्पानं गावाला ऐकून घ्यायला शिकवलं, हे खरं. लेकीनं त्याच आप्पाला ग्रुपातनं काढलं, तेबी खरं. सोमवारच्या भाषणात दुसरं सांगायचं राहिलं." खाली नाव आहे: बबन फौजी. तुमचा बालमित्र! तुमच्या तिरडीला खांदा देणारा!

काल सकाळी दिलीपनं मला मलकापूरला फोन केला. "ताई, पुसू काय? दोन मिनिटाचं काम हाय. कुणाला कळायचंबी न्हाई." मी म्हटलं, थांब, मी येते. थांब का म्हटलं, तेव्हा माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला स्वतःच्या हातानं पुसायचं होतं.

उंब्रजमध्ये सायकलीची दुकानं कितीतरी झाली, पण फळा तुमच्याच दुकानाला. मी तिसरीत असताना शाळेनं टाकून दिलेला फळा तुम्ही खांद्यावरून आणलात, काळा रंग मारून भिंतीला ठोकलात आणि वर पांढऱ्या रंगानं लिहिलंत, "लिहा. खाली नाव टाका." आई म्हणाली होती, "आवं, पंक्चर काढायचं सोडून गावाची भांडनं कशाला दारात आनताय?" तुम्ही म्हणालात, "भांडनं हायतच. निदान दिसतील तरी."

तुमचे नियम आज गावात लहान पोरांनाही पाठ आहेत. नाव नसलेला मजकूर तुम्ही तिथल्या तिथं पुसायचात; त्यावर चर्चाच नाही. नाव असलं की मात्र पुसायचं नाही. पटलं नाही तर खाली उत्तर लिहायचं. आणि रविवारी सकाळी, आठवडाभर ज्याच्याविरुद्ध सगळ्यात जास्त लिहिलं गेलं, त्याच्या हातात ओलं फडकं द्यायचं. लिहिणाऱ्यानं शेजारी उभं राहायचं. फळा स्वच्छ झाला की दोघांनी तुमच्या हातचा चहा प्यायचा. यात्रेत पालखीचा मान असतो तसा आमच्या गावात फडक्याचा मान! सरपंचांनी घेतलाय, डॉक्टरांनी घेतलाय, सोसायटीच्या सेक्रेटरीनं तर तीन रविवार ओळीनं घेतलाय. चौथ्या रविवारी तो स्वतःच साखर घेऊन आला होता, आठवतं?

मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा नववीत होते. गणपततात्यांच्या गिरणीतलं पीठ कचकच लागायचं. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "लंगड्याच्या गिरणीचं पीठ खाऊन दात पडायची वेळ आली." खाली नावही टाकलं, मोठ्या ऐटीत. लहानपणी पोलिओ झालेला तो माणूस. गावात सगळेच त्यांना तसं म्हणत, मला त्यात काही वाटलंच नाही. तुम्ही वाचलंत, पुसलं नाहीत. माझा हात धरून मला गिरणीवर नेलंत. "तिथं लिवलंस ते हितं म्हनून दाखव."

माझ्या तोंडून पहिला शब्दच फुटेना. पट्टा फिरत होता, तात्या पिठानं पांढरे झालेले. माझा चेहरा बघून त्यांना काय ते कळलं असावं. ते म्हणाले, "म्हन की पोरी, रोजच ऐकतुय मी." आप्पा, अजून ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. परत आले, बोटानं तेवढा एक शब्द पुसला आणि तिथं "गणपततात्यांच्या" लिहिलं. पिठाची तक्रार तुम्ही तशीच ठेवायला लावलीत. रविवारी तात्या आले, त्यांनी फडकं फिरवलं, चहा प्यायले आणि सांगून गेले की गिरणीचा दगड दुरुस्त करून घेतलाय.

इतकं जवळून बघितलेली मी! आणि मी काय केलं?

कोरोनाच्या दिवसांत औषधं कुठं मिळतात, गाडी कुणाची मोकळी आहे, हे कळावं म्हणून मी गावाचा ग्रुप सुरू केला. तुम्हाला मोठा फोन मीच घेऊन दिला, त्यात मराठी मीच लावून दिलं. तुम्ही एका बोटानं लिहायचात आणि प्रत्येक निरोपाखाली "आप्पा सायकलवाले" असं नाव टाकायचात. मी किती वेळा सांगितलं, "आप्पा, नाव आपोआप दिसतं!" तुम्ही म्हणायचात, "दिसू दे. मी लिवलं म्हंजी नाव मी टाकनार."

मग गेल्या यात्रेचं ते झालं. साऊंडच्या भिंतींनी म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडायला लागलं, आणि तुम्ही लिहिलंत, "देवाला ऐकू येत न्हाई का? एवढा आवाज कुनासाठी?" फळ्यावरही तेच आणि ग्रुपवरही तेच. फळ्यावर तरुण मंडळाच्या पोरांनी खाली लिहून लिहून जागा ठेवली नाही. देवाला बहिरा म्हणता काय, असं मंडळाच्या विक्रमनंच लिहिलं होतं, पण खाली नाव टाकून. रविवारी तुम्ही आपण होऊन फडकं घेतलंत, कारण त्या आठवड्यात सगळ्यात जास्त शिव्या तुम्हालाच होत्या. विक्रम शेजारी उभा राहिला, घुश्शात का होईना. चहा प्यायला. दिलीप सांगत होता, जाताना विक्रम म्हणाला, "आप्पा, फुडल्या वर्षी भिंती कमी करतो, पर देवाचं नाव घिऊन बोलू नगा." तुम्ही म्हणालात, "बरं." संपलं!

ग्रुपवर काहीच संपेना. पुण्या-मुंबईत राहणारी, यात्रेला न आलेली माणसंसुद्धा भावना दुखावल्या म्हणून लिहीत होती. कुणी म्हणालं माफी मागा, कुणी म्हणालं दुकानापुढं येऊन दाखवतो. मी तुम्हाला फोन केला, "आप्पा, ते काढून टाका." तुम्ही म्हणालात, "काढू कशाला? खाली लिहा म्हनावं." मी चिडले. आणि दुपारच्या सुट्टीत, शाळेच्या ऑफिसात बसून, मी तुम्हाला ग्रुपमधून काढलं.

सगळ्यांना सांगितलं, आप्पांच्या काळजीपोटी केलं. थोडी काळजी होतीही, खोटं नाही. पण तुम्हाला आता खरं सांगते. त्या दिवशी एका पालकानं मला शाळेच्या दारात विचारलं होतं, "बाई, ते देवाला बहिरा म्हणणारे तुमचे वडील का?" मला लाज वाटली, आप्पा. तुमची लाज वाटली! माझं मुख्याध्यापिकेचं नाव खराब होईल, एवढंच डोक्यात होतं. तुमच्या वाक्यात एक शब्द वाकडा नव्हता. मला तुम्ही एक शब्द बदलायला लावला होतात. मी अख्खा माणूसच काढला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी घरी आले. तुम्ही चहा टाकलात, आलं जास्त घातलंत, मला आवडतं म्हणून. बशीत ओतता ओतता विचारलंत, "सुनी, तुझ्या त्या ग्रुपात रविवार कवा येतो गं?" मी हसले. म्हटलं, "आप्पा, ग्रुपवर कसला आलाय रविवार!" तुम्हीही हसलात आणि चहा प्यायलात. मला वाटलं, म्हातारपण. तुम्ही मला विचारत होता, आप्पा, आणि मला कळलंच नाही!

तुमच्यावर माझाही एक राग आहे, तोही ऐकून घ्या. तुम्ही सरपंचाला सोडलं नाहीत, डॉक्टरला सोडलं नाहीत. मग मलाच का सोडलंत? दारात फळा होता, हातात खडू होता. "सुनंदानं मला काढलं" एवढं लिहायचं होतंत ना! मी भांडले असते, खाली चार ओळी खरडल्या असत्या, पण रविवारी येऊन फडकं घेतलं असतं आणि तुम्ही शेजारी उभे असतात. लेकीसाठी नियम मोडलात तुम्ही. त्यानंतर तीन महिन्यांत गेलात, आणि माझा तो रविवार राहूनच गेला.

दहाव्यानंतर तुमचा फोन उघडला. ग्रुप तसाच होता, तुम्ही काढून टाकला नव्हता. सगळ्यात खाली ओळ होती, "सुनंदाने तुम्हाला काढून टाकले." किती वेळा उघडून बघितली असेल ती ओळ तुम्ही? की एकदाच? हे मला कधीच कळणार नाही.

आणि हे वाचूनही सोमवारी शोकसभेत मी उभी राहिले. काय बोलले माहिती आहे? "आप्पांनी गावाला ऐकून घ्यायला शिकवलं. तोच वसा मी पुढं चालवतेय." टाळ्या पडल्या! पहिल्या रांगेत बबनकाका बसले होते. त्यांनी तेवढी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत राहिले.

आज सकाळी आधी त्यांच्याकडेच गेले, तावातावानं. म्हटलं, "काका, मला तोंडावर सांगायचं होतं. गावात तमाशा कशाला केलात?"

ते शेंगा फोडत बसले होते. "बस," म्हणाले. "तोंडावर बोललो असतो तर तू रडली असतीस, आन मी गप बसलो असतो. आप्पाच्या माघारी आपन सगळं ग्वाड ग्वाडच बोलाय लागलो, तर फळा कशापायी ठेवायचा?"

"पण ते वाचून लोक मला काय म्हणतील?"

"म्हनतील की! चार दिस म्हनतील. फुडं रविवार हाय न्हवं?"

मग त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "आन सुनी, मीबी हुतो त्या ग्रुपात. तू त्याला काढलंस तवा मी बघितलं. येक सबुद बोललो न्हाई. फौजेत जिंदगी काढली म्हन सांगत फिरतुय, आन तवा डरलो. फळ्यावर माझीबी चूक लिवनार हुतो, पर खडू तसाच खाली ठिवला."

दोघंही रडलो, आप्पा. काकूनं पाणी आणून दिलं आणि दोघांवरही ओरडली.

तिथून थेट दुकानात आले. येईपर्यंत कुणीतरी फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकलेला. मी अ‍ॅडमिन आहे. एक बोट दाबलं की सगळ्यांच्या फोनमधून तो फोटो जातो. आणि इथं एकदा फडकं फिरवलं की भिंतीवरूनही जातं. इतकं सोपं आहे, म्हणून तर हा कागद घेतला.

लिहिता लिहिता एक गोष्ट केली. तुमचा नंबर पुन्हा ग्रुपात घेतला. समोरच्या हवेच्या पंपावर ठेवलेला तुमचा फोन टुणकन वाजला. मी इतकी दचकले! उशीर झाला, ठाऊक आहे. तरी केलं.

मग बाहेर जाऊन बबनकाकांच्या मजकुराखाली लिहून आले. वाटलं होतं पुष्कळ लिहावं लागेल: कारणं, परिस्थिती, माझी बाजू. खडू हातात घेतल्यावर एवढंच लिहिलं, "खरं आहे. आप्पा बरोबर होते. मी घाबरले आणि मला त्यांची लाज वाटली." पलीकडं पंक्चरसाठी थांबलेल्या दोघांनी वाचलं. एकानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली. त्याचाही फोटो घेऊन मीच ग्रुपवर टाकला.

आता दिलीप येताना दिसतोय. फडकं त्याच्या हातात देणार नाही. खिळ्याला अडकवून ठेवते. रविवारपर्यंत वाळू दे. रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं येईन, फळ्यावरचं सगळं मोठ्यानं वाचेन आणि मगच पुसेन. बबनकाका शेजारी उभे असतील. चहा मी करीन, आलं जास्त घालून. आणि माझ्या हयातीत, आप्पा, नाव टाकून लिहिणाऱ्या माणसाला मी काढणार नाही, फळ्यावरून नाही आणि ग्रुपमधूनही नाही, मग त्यानं माझ्याविषयी काहीही लिहिलेलं असो. हा शब्द तुम्हाला.

बाहेर लिहिलं तेव्हा घाईत एक गोष्ट राहिली. कागद संपला की परत जाऊन ती पुरी करते. मी लिहिलं म्हणजे नाव मीच टाकायला हवं.

सुनंदा, आप्पा सायकलवाल्यांची